बटाट्याचे पीठ आणि बहात्तर हजार काचा

भूतकाळ काळा-पांढरा होता, अशी आपल्या सगळ्यांचीच एक नकळत समजूत होऊन बसली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची माणसे आठवायची म्हटली की ती राखाडी कपड्यांत, राखाडी आभाळाखाली उभी असतात. तेव्हाही आंबा पिकला की पिवळाच होत असे हे बुद्धीला ठाऊक असते, पण डोळा ऐकत नाही. डोळ्याला फसवण्यात त्या काळच्या फोटोग्राफीचा आणखी एक वाटा होता. तेव्हाच्या बहुतेक प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. निळ्या प्रकाशाला त्या फार हळव्या आणि लालाला आंधळ्या. म्हणजे निळे आभाळ छापात पांढरेफटक यायचे आणि लाल कापड काळे. लोकमान्यांची लाल पगडी फोटोत काळी भासते ती अशी. आमच्याकडच्या कुणबी बायकांचे जुने फोटो पाहावेत. लाल चौकडीच्या लुगड्याच्या जागी नुसता एक गडद पट्टा असतो. अलीकडे वेंडेल रॉड्रिक्स यांनी त्या लुगड्याला पुन्हा दिवस दाखवले, म्हणून तो रंग आजच्या पिढीला निदान माहीत तरी झाला.

या अंधारात एक मोठा उजेडाचा झोत आहे. पॅरिसला लागून बुलोन-बियांकूर नावाचे उपनगर आहे, तिथे एका बागेच्या कडेला बहात्तर हजार काचा जपून ठेवलेल्या आहेत. १९०९ ते १९३१ या काळात सुमारे पन्नास देशांत फिरून काढलेली ही रंगीत छायाचित्रे. नंतर कोणी हाताने रंगवलेली नव्हेत, मुळातच रंगीत. बाजारातली बाई, दारात बसलेला चांभार, शेतावरून परतणारी पोरे, कोळ्यांची वस्ती, देवळापुढची गर्दी. ज्याच्या पैशाने हे झाले त्याचे नाव अल्बेर कान, आणि ज्या युक्तीने झाले ती युक्ती बटाट्याची!

बटाट्याचे आधी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय ही चित्रे अशी का दिसतात ते कळत नाही.

लिओं शहरातले ल्युमिएर बंधू आपल्याला सिनेमामुळे माहीत आहेत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्याच हलत्या चित्रांचा खेळ झाला आणि हिंदुस्थानात सिनेमा आला. पण त्यांच्या घरचा धंदा फोटोच्या काचा बनवण्याचा. सिनेमानंतर त्यांनी रंगाचा ध्यास घेतला. १९०३ मध्ये त्यांनी एका पद्धतीचे पेटंट घेतले आणि १९०७ मध्ये 'ऑटोक्रोम' या नावाने ती काच बाजारात आणली. जी वस्तू पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली आणि त्यांनी दिलेल्याच नावाने आपण जिला आजही हाक मारतो, त्या बटाट्याचे सत्त्व त्यांनी यासाठी वापरले. बटाट्याच्या सत्त्वाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली गोलसर दिसतात. त्यांतून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे कण निवडायचे, त्यांचे तीन वाटे करायचे आणि एक वाटा नारिंगी, एक हिरवा, एक जांभळा रंगवायचा. मग तिन्ही रंगांची ही बारीक रांगोळी एकत्र मिसळून चिकट वार्निश लावलेल्या काचेवर एकाच थरात पसरायची. कणांमधल्या फटी कोळशाच्या पुडीने बुजवायच्या, वरून दाब देऊन कण चपटे करायचे, आणि त्यावर चांदीच्या क्षाराचा प्रकाशसंवेदी लेप चढवायचा. हा लेप लाल रंगही पाहू शकणारा होता, हे महत्त्वाचे.

फोटो काढताना काच उलटी बसवायची, म्हणजे प्रकाश आधी या रंगीत कणांतून गाळून यायचा आणि मग लेपावर पडायचा. लाल शालीवरून आलेला प्रकाश नारिंगी कणांतून पार व्हायचा, हिरव्यांत अडायचा. प्रत्येक कणामागे चांदीची आपापली नोंद व्हायची. मग रसायनांनी त्याच काचेवर चित्र उलटवून सुलट करायचे. ती काच उजेडासमोर धरली की नारिंगी कणांमागची वाट मोकळी असते, बाकीच्या बंद असतात, आणि डोळ्याला शाल दिसते. लांबून पाहावे तर शाल, भिंगातून पाहावे तर रंगीत धुळीचे ठिपके. त्या चित्रांना एक मऊ, किंचित धुरकट पोत आहे तो यामुळे. मला तो आजच्या टोकदार रंगीत फोटोंपेक्षा जास्त खरा वाटतो, पण ही आवडीनिवडीची गोष्ट झाली.

या युक्तीची किंमत मात्र मोजावी लागे. एक म्हणजे काच महाग. दुसरे, तिची प्रत निघत नसे. कॅमेऱ्यात गेली तीच काच चित्र होऊन बाहेर यायची, त्यामुळे फुटली की संपले. आणि तिसरी, सगळ्यात मोठी अडचण वेळेची. एवढ्या कणांतून प्रकाश गाळून यायचा म्हणजे उजेड फार थोडा पोचायचा. भर उन्हातही सेकंद-दोन सेकंद भिंग उघडे ठेवावे लागे, ढग आले तर त्याहून कितीतरी जास्त. साध्या काळ्या-पांढऱ्या काचेच्या चाळीस-पन्नास पटीने वेळ! तेवढ्यात मूल हलले की मुलाच्या जागी धुके. म्हणून या चित्रांत कोणी धावत नाही, कोणी हसता हसता टिपले गेलेले नाही. सगळे थांबलेले आहेत.

त्याच सुमारास रशियात सेर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की वेगळ्या वाटेने निघाला होता. तीन रंगांच्या गाळण्यांतून एकापाठोपाठ तीन काळे-पांढरे फोटो घ्यायचे आणि पडद्यावर तीन रंगीत प्रकाशांनी ते एकावर एक बसवायचे. झार दुसरा निकोलस याच्या आश्रयाने, रेल्वेचा खास डबा घेऊन १९०९ पासून त्याने साम्राज्य पालथे घातले. बुखाऱ्याच्या अमीराचा निळ्या रेशमी झग्यातला त्याचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. रंगांची धार त्याच्याकडे जास्त आहे, यात वाद नाही. पण त्याला एक साम्राज्य दाखवायचे होते आणि कानला माणूस दाखवायचा होता, हा फरक मला मोठा वाटतो.

अल्बेर कान १८६० मध्ये आल्झासमधल्या मार्मूतिए गावी जन्मला. घर ज्यूंचे, बापाचा धंदा गुराढोरांच्या व्यापाराचा. तो अकरा वर्षांचा असताना युद्धात फ्रान्स हरला आणि आल्झास जर्मनीत गेला. गाव तेच, घर तेच, पण देश बदलला. एका रात्रीत झेंडा बदलणे म्हणजे काय, हे १९६१ पाहिलेल्या गोमंतकीयांना समजावून सांगायला नको. आमच्याकडे तो बदल मुक्तीचा होता, त्यांच्याकडे तुटण्याचा, एवढेच. पोरगा पुढे पॅरिसला आला, एका बँकेत कारकून झाला. राहिलेले शिक्षण पुरे करायला त्याने शिकवणी लावली. शिकवणारा तरुण त्याच्याहून केवळ काही महिन्यांनी मोठा होता, आणि त्याचे नाव होते आंरी बेर्गसां. पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगभर गाजलेला, १९२७ चे साहित्याचे नोबेल मिळवणारा तोच. ही मैत्री जन्मभर टिकली.

कानने पैसा केला तो दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्या-हिऱ्यांच्या शेअरांत. १८९८ मध्ये त्याची स्वतःची बँक उभी राहिली. आता हे इथे नोंदवायलाच हवे की जगभरच्या साध्या माणसांचे रंग टिपणारा हा पैसा किंबर्लीच्या खाणीतल्या काळ्या मजुरांच्या घामातून आला होता. म्हणून काचांची किंमत कमी होत नाही, पण हिशेब पुरा सांगितलेला बरा.

श्रीमंत झाल्यावरही माणूस विलक्षण साधा राहिला. लग्न केले नाही. स्वतःचे फोटो काढू देत नसे, त्यामुळे बहात्तर हजार चित्रांच्या या धन्याचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. पैसा खर्च केला तो तरुण शिक्षकांना जगप्रवासासाठी शिष्यवृत्त्या देण्यात आणि बुलोनच्या बागेत. त्या बागेत जपानी उद्यान होते, इंग्लिश हिरवळ होती, फ्रेंच आखीव वाफे होते आणि लहानपणच्या व्होज डोंगरांतले रानही लावलेले होते. वेगवेगळ्या देशांच्या बागा एका कुंपणात नांदतात तर माणसे का नांदू नयेत, असा त्याचा भाबडा म्हणा, थोर म्हणा, विचार होता.

१९०८ च्या नोव्हेंबरात तो स्वतः जगप्रवासाला निघाला. बरोबर घेतला आपला मोटारचालक, आल्फ्रेद द्युतेर्त्र. त्याला फोटो काढायला शिकवले होते. अमेरिका, जपान, चीन असे करत चार महिन्यांनी ते परतले आणि या प्रवासातून पुढची योजना निघाली. तिला त्याने नाव दिले 'पृथ्वीचे दफ्तर'. फ्रेंच नावाचे हे माझे भाषांतर. दफ्तर हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण त्याला कलेचे प्रदर्शन नको होते, नोंद हवी होती. माणसांच्या जगण्याच्या कित्येक रीती आता काही वर्षांत नाहीशा होणार, ते टळणार नाही, तेव्हा त्या आहेत तोवर एकदाच्या टिपून ठेवाव्यात, असे त्याचे म्हणणे होते. शिवाय एकमेकांचे जगणे पाहिले की माणसे एकमेकांवर बंदुका रोखणार नाहीत, अशी आशा. १९१२ मध्ये भूगोलाचा प्राध्यापक झां ब्रुन याच्या हाती कामाची सूत्रे दिली. घर, रस्ता, शेत, बाजार, पेहराव यांतून माणूस आणि भूमी यांचे नाते वाचणारा हा अभ्यासक. त्यामुळे या संग्रहात राजवाड्यांपेक्षा अंगणे जास्त आहेत.

बाहेर पडलेले फोटोग्राफर काही नामांकित नव्हते. ओग्युस्त लेऑं ब्रुनबरोबर बाल्कन देशांत गेला, तेव्हा तिथे युद्धाचे ढग होते. मार्गरीत मेस्पुले आणि माद्लेन मिन्यों या दोन शिक्षिका १९१३ च्या उन्हाळ्यात आयर्लंडला गेल्या. गॉल्वेजवळच्या क्लॅडा या कोळीवाड्यातल्या, लाल शाल पांघरलेल्या एका मुलीचे त्यांनी काढलेले चित्र या साऱ्या संग्रहात बहुधा सर्वांत जास्त पाहिले गेलेले असावे. मागची भिंत करडी, झोपड्यांची छपरे गवती, आणि मध्ये तो लाल रंग. नेमका तोच, जो साध्या काचेवर काळा पडला असता.

आणि स्तेफान पासे. याच्याविषयी मला विशेष कुतूहल आहे. १९१२ मध्ये चीन, मग मोरोक्को, १९१३ मध्ये मंगोलिया. मंगोलियात त्याने काढलेले एक चित्र आहे. ओसाड माळावर एक लाकडी खोके. खोक्याला एक गोल भोक, भोकातून बाहेर आलेले एका बाईचे डोके आणि एक हात. खाली जमिनीवर भांडी. शिक्षा म्हणून तिला त्यात कोंडलेले आहे. तिचा अपराध काय, पुढे काय झाले, याच्या पुष्कळ कहाण्या नंतर त्या चित्राला चिकटल्या. चित्र स्वतः एवढेच सांगते की हात बाहेर आहे. मी मघाशी सेकंदांचा हिशेब सांगितला तो इथे पुन्हा आठवावा. पासेने तिपाई लावली, काच बसवली, भिंग उघडले आणि मोजत उभा राहिला. तेवढा वेळ ती बाईही स्थिर राहिली. ती त्याच्याकडे पाहत होती. झटकन काढून पळता येईल असे ते यंत्रच नव्हते. पासेने काय करायला हवे होते असे विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. पण रंगीत असल्यामुळे ते चित्र 'फार जुनी गोष्ट' म्हणून बाजूला सारता येत नाही. त्या माळावरचे ऊन आजच्यासारखेच आहे.

तेव्हाच्या टोंकिनमध्ये, म्हणजे उत्तर व्हिएतनाममध्ये, लेओं ब्युझी हा फ्रेंच लष्करी अधिकारी काम करत होता. भातशेती, अफूबाज, नटलेल्या बायका असे त्याचे विषय. त्याची चित्रे देखणी आहेत, पण त्यांत साहेबाची नजर कुठेतरी टोचते. समोरच्याला नाही म्हणण्याची मुभा किती होती, हा प्रश्न या संग्रहातल्या बऱ्याच काचांना विचारता येईल. अनेकांची नावे नाहीत. 'एक साधू', 'एक विक्रेती', 'एक सैनिक'.

कानने आपल्या माणसांबरोबर सिनेमाचे कॅमेरेही दिले होते. त्यांनी जवळजवळ एकशे त्र्याऐंशी किलोमीटर लांबीची फिल्म काढली, आणि ती जवळजवळ सगळी काळी-पांढरी. म्हणजे या दफ्तरात रंग आहे तिथे हालचाल नाही आणि हालचाल आहे तिथे रंग नाही! बाजारातली वर्दळ एका डब्यात, बाजारातल्या मिरच्यांचा लाल दुसऱ्या पेटीत. दोन्ही आपल्याला डोक्यात जुळवावे लागतात. तंत्राची मर्यादा एवढी सरळ समोर उभी असलेला दुसरा संग्रह मी पाहिलेला नाही.

१९१४ मध्ये युद्ध झालेच. बागांनी ते थांबवले नाही. कानने मग दफ्तराचा रोख युद्धाकडे वळवला. फ्रेंच सैन्याच्या छायाचित्र विभागाबरोबर पोल कास्तेल्नो आणि फेर्नां क्युव्हिल यांनी १९१७ मध्ये रांस शहराचे अवशेष रंगांत टिपले. वेगाला मनाई असल्यामुळे लढाईचे चित्र एकही नाही. पडक्या भिंती, स्वयंपाक करणारे सैनिक, वाळत घातलेले कपडे, आणि रस्त्यात बाहुलीशी खेळणारी एक पोर, जिच्या शेजारी बंदुका टेकवून ठेवल्या आहेत. निळ्या गणवेशांचा तो निळा पाहिला की चित्रपटांत पाहिलेला राखाडी चिखल खोटा वाटू लागतो.

आपल्या देशातही ही मंडळी पोचली होती. पासे १९१३ च्या अखेरीस हिंदुस्थानात आला आणि १९१४ च्या सुरुवातीपर्यंत मुंबईपासून उत्तरेपर्यंत फिरला. पुढे १९२७ मध्ये रोजे द्युमा कपुरथळ्याला गेला, महाराजा जगतजितसिंग यांच्या सुवर्णमहोत्सवासाठी. इथे मात्र अंगणे मागे पडली आणि दागदागिने, फेटे, सरदार पुढे आले. ऑटोक्रोमला जरीचा फार मोह होता असे दिसते. मला पासेचा हिंदुस्थान जास्त आवडतो. त्या काळच्या हिंदुस्थानची जी चित्रे आपण पाहतो ती बहुतेक इंग्रजी राज्याच्या कामाची किंवा फोटो-स्टुडिओतली, पडद्यापुढे खुर्चीवर बसवलेली. या परक्या माणसाला ना कर वसूल करायचा होता, ना जातींची मोजदाद करायची होती.

रवींद्रनाथ ठाकूरही कानच्या घरी उतरले होते. १९२१ मध्ये त्या बागेत काढलेले त्यांचे ऑटोक्रोम आहे. पांढरी दाढी आणि लांब झगा आपल्याला हजार फोटोंतून पाठ आहेत, पण त्यामागची हिरवळ हिरवी असलेली पाहणे हा वेगळा अनुभव आहे.

असे पाहुणे आले की कान त्यांना काचा पडद्यावर मोठ्या करून दाखवी. मंत्री, शास्त्रज्ञ, साहित्यिक, बँकवाले. त्याची समजूत अशी की जग चालवणाऱ्यांनी जग पाहिले म्हणजे काम झाले. मला या उपक्रमातली खरी उणीव इथेच दिसते. क्लॅडाची कोळीण, टोंकिनचा शेतकरी, मुंबईचा फेरीवाला यांतल्या कोणाला आपले चित्र पाहायला मिळाले असेल? प्रतच निघत नव्हती हे खरे, पण ती काढावी अशी तळमळही कुठे दिसत नाही. ज्यांना दाखवले त्यांनी १९१४ टाळले नाही आणि १९३९ ही टाळले नाही.

१९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि पाठोपाठ कानची बँक बुडाली. तरीही काम लगेच थांबले नाही. १९३० मध्ये फ्रेदेरिक गाद्मेर पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमीला गेला, फादर ओपिए या मिशनऱ्याबरोबर, आणि तिथल्या लोकांचे देवधर्म, नाच, विधी त्याने टिपले. ख्रिस्ती धर्मगुरूने दुसऱ्याच्या देवांकडे अशा आदराने कॅमेरा वळवावा, हे आम्हा गोवेकरांना थांबून पाहावेसे वाटणारच. त्याच वर्षी ब्रुन वारला. १९३१ मध्ये पैसे संपले आणि दफ्तर बंद झाले.

कानच्या सामानाचा लिलाव झाला. बाग, घर आणि काचा १९३६ मध्ये सरकारी प्रशासनाने विकत घेतल्या म्हणून त्या विखुरल्या नाहीत. म्हाताऱ्याला तिथेच राहू दिले. आपल्याच बागेत, जी आता त्याची नव्हती, तो फेऱ्या मारत असे. जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये आल्या. म्हणजे लहानपणी गाव गेले तेच म्हातारपणी पुन्हा. १४ नोव्हेंबर १९४० रोजी तो वारला. बेर्गसां त्यानंतर दोन महिन्यांच्या आत गेला.

युद्धात काचा वाचल्या. त्यानंतर कित्येक दशके त्यांची नावनिशी लावण्याचे काम चालू राहिले. आता तिथे संग्रहालय आहे. केंगो कुमा या जपानी वास्तुविशारदाने त्याची नवी इमारत बांधली आणि २०२२ मध्ये ते पुन्हा उघडले. बहुतेक चित्रे आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. मूळ काचा मात्र क्वचितच बाहेर निघतात. दिव्याच्या उजेडाने बटाट्याच्या कणांवरचा रंग उडतो, म्हणून त्या थंड खोलीत, अंधारात ठेवलेल्या असतात.